मामंजींचं तासाभराचं जेवण

मी सात मिनिटांत जेवते. यात बढाई नाही, सवय आहे. लग्नाआधी वसतिगृहात लागली आणि नाशिकच्या एका सरकारी कचेरीत टंकलेखिका म्हणून चिकटले तेव्हा पक्की झाली. साडेदहाला मस्टरवर सही, त्याआधी चार माणसांचा स्वयंपाक, दोन डबे, नऊला जाणारं नळाचं पाणी, आणि पंचवटीतून बस मिळाली तर मिळाली. अशा संसारात घास चावत बसायला सवड कुणाला? ओट्याशी उभी राहून मी पोळीची गुंडाळी करायची, भाजीत बुडवायची आणि संपवायची. मामंजी आतल्या खोलीतून म्हणायचे, "सूनबाई, अति घाई संकटात नेई."

मामंजी म्हणजे माझे सासरे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारण्यात त्यांची हयात गेली. "निफाडमार्गे येवल्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे" हे ते अशा आवाजात सांगत की ज्याला कुठंच जायचं नाही त्यालाही चढून बसावंसं वाटे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आम्ही चौघं: मामंजी, माझा नवरा, धाकटी नणंद आणि मी. नवरा भांडायचा नाही, नणंद गोड स्वभावाची, त्यामुळे सासूच्या वाटणीचं भांडणही मी आणि मामंजी एकमेकांशीच भांडून घेत असू. आम्हा दोघांना त्याची गोडी होती.

ऐंशी साल उलटल्यावर कधीतरी त्यांचा आवाज बारीक झाला. मी टाइपरायटरच्या खडखडाटाने बहिरी झाले असं त्यांचं म्हणणं, ते पुटपुटतात असं माझं. त्यावर वर्षभर वाद चालला. मग ताटावर वेळ लागायला लागला. आधी अर्धा तास, मग पाऊण. घास तोंडात असायचा, जबडा हलायचा, पण घास काही खाली जायचा नाही. लाळ पुसायला सदऱ्याच्या खिशात एका रुमालाच्या जागी दोन रुमाल आले. आणि मग सुरू झाले ठसके.

ठसका लागला की कुणीतरी आठवण काढतंय म्हणायची आपली पद्धत. आम्ही सहा महिने तेच म्हणत बसलो. कधी सिन्नरच्या आत्याबाईंनी आठवण काढली, कधी मालेगावच्या चुलतभावाने. एवढी आठवण काढणारे नातेवाईक खरंच असते तर त्यातला एखादा भेटायला तरी आला असता, हे माझ्या डोक्यात आलं नाही असं नाही. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे रजा टाकायची, आणि रजा मी नणंदेच्या लग्नासाठी साठवत होते.

त्याऐवजी मी शहाणपणा केला. गिळायला जड जातंय ना, मग सगळं पातळ करा. वरण नको, वरणाचं पाणी. दही नको, ताक. भाताची पेज, तीही गाळून. जितकं पातळ करावं तितके ठसके वाढत, आणि जितके ठसके वाढत तितकं मी आणखी पाणी ओतत असे. मामंजी वाळत चालले. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, सून किती करते हो. मीही मान खाली घालून ते ऐकून घ्यायची.

शेवटी एकदा ताक पिताना ते निळे पडले आणि माझा धीर सुटला. मुंबईहून महिन्यातून एकदा नाशिकला येणारे मेंदूचे एक डॉक्टर होते. त्यांनी मामंजींना चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, आणि म्हणाले, "जीभ बाहेर काढा."

जीभ जेमतेम ओठापर्यंत आली.

"डावीकडे न्या. उजवीकडे. आता वर, नाकाकडे."

"शाळेत असताना यासाठी छड्या खाल्ल्यात," मामंजी म्हणाले.

डॉक्टरांनी नाव सांगितलं पार्किन्सन, म्हणजे आपला कंपवात. आम्ही चकित झालो. कंपवात आम्हाला माहीत होता, पण कंपवात म्हणजे हात थरथरणार, कपबशी खडखडणार. मामंजींचा हात फारसा थरथरत नव्हताच. डॉक्टरांनी सांगितलं की काहींचा हात हलतो आणि काहींची जीभ अडते. "लोकांना वाटतं घसा गिळतो. पहिलं काम जिभेचं असतं. घास फिरवायचा, दाताखाली द्यायचा, गोळा करायचा आणि मागे ढकलायचा. यांची जीभ ढकलायला निघते आणि अर्ध्या वाटेतून परत येते. पुन्हा निघते, पुन्हा परत."

"म्हणजे गाडी सुटतच नाही," मामंजी म्हणाले. "फलाटावरच मागेपुढे करते."

डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी बाहेरच्या नर्सबाईंनाही ते सांगितलं. मग त्यांनी मला विचारलं, खायला काय देता? मी मोठ्या अभिमानाने यादी वाचली. वरणाचं पाणी, ताक, गाळलेली पेज. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पाण्यासारखा पातळ पदार्थ जीभ सावरायच्या आत घसरतो आणि श्वासनलिकेत शिरतो, यांना दाट द्या, गोळा होईल असं द्या, असं ते म्हणाले. मी सहा महिने माझ्या सासऱ्यांना रोज दोन वेळा बुडवत होते, असा त्याचा साधा अर्थ होता. मला तिथंच रडू यायला लागलं. मामंजी म्हणाले, "रडतेस काय, पातळ केलंस तरी चव बरी होती." ती नव्हती.

"आणि पाणी कसं पिता?" डॉक्टरांनी टेबलावरचा पेला पुढे केला.

मामंजींनी तो उचलला, मान मागे टाकली, आ वासला आणि वीतभर उंचीवरून धार सोडायला हात तिरका केला. डॉक्टर खुर्चीवरून उडालेच. "थांबा! थांबा!"

आमच्या घरात पेला ओठाला लावत नसत. स्टँडवर एक माठ आणि एक पेला, त्यावर शंभर माणसं पाणी पिणार. तिथं वरून पिणं हीच सभ्यता. मामंजींना ते अंगवळणी पडलं होतं आणि घरातल्या प्रत्येकालाही त्यांनी पाडलं होतं. मी नवी नवरी असताना वसतिगृहाच्या सवयीने पेला तोंडाला लावला, तर तो त्यांनी न बोलता उचलून मोरीत नेऊन ठेवला होता. आणि आता डॉक्टर सांगत होते की मान मागे टाकणं म्हणजे श्वासनलिकेचं दार सताड उघडं टाकणं. मान खाली, हनुवटी छातीकडे, ओठ भांड्याला, एक लहान घोट, मग दोनदा गिळायचं. त्याशिवाय पाण्याचा थेंब नाही.

तीन दिवस मामंजींनी पाणी जवळजवळ सोडलंच. चौथ्या दिवशी त्यांनी एक पसरट वाटी निवडली, भिंतीकडे तोंड करून बसले आणि हनुवटी खाली घालून ओठ टेकवले. ठसका लागला नाही. वाटी त्यांनी स्वतः उठून घासली, अवघडलेल्या हातांनी, माझ्याकडे न बघता. मी मुकाट्याने पोळ्या लाटत राहिले. एरवी मी काहीतरी बोललेच असते.

मग घरात दाटाचं राज्य आलं. हरसूलकडची नागली, म्हणजे नाचणी, बाजारात मिळायची, तिची चमचा उभा राहील अशी पेज. वरण घोटून घट्ट. दही फडक्यात टांगलेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने जीभ जरा कामावर येते हे मामंजींनीच हेरलं आणि गोळ्यांचं वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं. त्यात सुटण्याची वेळ आणि पोहोचण्याची वेळ असे दोन रकाने होते. पोहोचण्याच्या रकान्यात बहुधा उशीर असायचा.

व्यायामही दिला होता. सकाळ-संध्याकाळ आरशासमोर जीभ बाहेर, डावीकडे, उजवीकडे, नाकाकडे, हनुवटीकडे, दहा-दहा वेळा. शिवाय मोठ्या आवाजात बोलायचं, ओरडल्यासारखं वाटलं तरी चालेल. आतल्या खोलीत उजेड कमी म्हणून मामंजी दाढीचा आरसा घेऊन गॅलरीत बसू लागले. तीन-चार दिवस झाले आणि समोरच्या इमारतीतल्या काकू तणतणत आमच्या दारात.

"तुमच्या सासऱ्यांना सांगून ठेवा. या वयात हे शोभतं का?"

"काय झालं, काकू?"

"रोज सकाळी मी कपडे वाळत घालायला आले की मला वेडावून दाखवतात. जीभ काढून! आणि एकदा नाही, दहा-दहा वेळा!"

मी हसत सुटले आणि ते काकूंना आणखीनच झोंबलं. मामंजी बिचारे बाहेर आले, काकूंना म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय," आणि पुरावा म्हणून त्यांनी दारातच एकदा करून दाखवलं. काकू आजार समजून घेऊन गेल्या. पण बाई खमकी. दुसऱ्या दिवसापासून कपडे वाळत घालताना त्याच मोजायला लागल्या. कधी मामंजींनी टाळाटाळ केली की गल्ली ओलांडून आवाज यायचा, "अहो, आज जीभ नाही दाखवली!" नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूंचा आमच्याविषयी काय समज झाला असेल कोण जाणे. मोठ्या आवाजाच्या व्यायामासाठी मामंजींनी जुनंच काम काढलं. गॅलरीत उभं राहून ते गाड्या पुकारत. ओझर, निफाड, लासलगाव, येवला. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, पण खालून जाणारा एखादा सायकलवाला वर बघायचा तेवढं त्यांना पुरे.

ठसके कमी झाले. अंगावर मूठभर मांस आलं. वेळ मात्र कमी झाला नाही. एक जेवण एक तास, हे ठरून गेलं. घास लहान, एकेक घास दोनदा गिळायचा, मधे थांबायचं, तोंड रिकामं झालं ना ते जिभेने चाचपायचं. सकाळी माझ्याजवळ तो तास नव्हता. म्हणून मी तोडगा काढला. नऊला मामंजींचं ताट आतल्या खोलीत मांडायचं, ते त्यांच्या गतीने जेवतील, तोवर माझे डबे, भांडी, वेणी होऊन जाईल. संध्याकाळीही तेच, सात वाजता त्यांना वाढायचं आणि आम्ही तिघं नंतर बसायचो. सोय होती. कुणाचीच तक्रार नव्हती.

बाहेर जेवायला जाणं त्यांनी स्वतःच बंद केलं. त्याला एका लग्नातली पंगत कारण झाली. पंगतीचा नियम सगळ्यांना माहीत आहे: शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. वाढपी येता-जाता म्हणत असतात, सावकाश होऊ द्या, सावकाश होऊ द्या. ते म्हणायचं असतं एवढंच. त्या दिवशी मामंजी खरोखरच सावकाश जेवत होते आणि ओळीतली माणसं वाळलेले हात घेऊन त्यांच्याकडे बघत होती. पुढची पंगत दारात उभी. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हाताऱ्याला घरी दूधभात द्यायचा ना." मामंजींनी अर्ध्यावर ताट सोडलं. ताटात टाकणं हे त्यांच्या लेखी पाप, तेही त्यांनी केलं. त्यानंतर कुणाचीही पत्रिका आली की ते म्हणत, "तुम्ही जाऊन या, मला बरं नाही." त्यांना बरंच असायचं.

अशी दोन वर्षं गेली आणि मग नणंदेचं लग्न जमत आलं. मुलगा देवळाली कॅम्पातल्या शाळेत मास्तर, घर येवल्याजवळच्या गावात, शेती, माणसं भली. पसंती झाली होती. आता आम्ही त्यांचं घर बघायला जायचं, जेवायचं, आणि जेवणानंतर बैठकीत शेवटचा होकार व्हायचा. मुलीचा बाप म्हणून मामंजींना व्याह्यांच्या मांडीला मांडी लावून पंगतीत बसावं लागणार होतं.

घरात कुणी मोठ्याने बोललं नाही, पण भीती एकच होती. त्या पंगतीत मामंजींना ठसका लागला, लाळ गळली, तासभर लोक खोळंबले, तर समोरचे विचारणारच, हा काय आजार आहे? आणि घराण्यात असा आजार म्हटल्यावर मुलगी कोण करून घेतो? त्या काळी दम्यासाठीसुद्धा ठरलेली लग्नं मोडत. मामंजी म्हणाले, "मी येतच नाही." नणंद एरवी गोड, तिने त्या दिवशी ताट सरकवलं. "बाबा येणार नसतील तर मला लग्नच करायचं नाही." आणि ती रडली नाही, म्हणून आम्ही घाबरलो.

तोडगे काढण्यात मी तरबेज होते, ते मघाशी सांगितलंच. मी म्हटलं, मामंजींना घरूनच जेवू घालून नेऊ आणि तिथं सांगू की आज त्यांचा उपवास आहे. बसतील पंगतीत, एखादं केळं कुस्करून खातील, प्रश्न मिटला. नवऱ्याने विचारलं, "वार कुठला?" मी म्हटलं, "ज्या वारी जाऊ त्या वाराचा उपवास." मामंजींनी उठून भिंतीवरचं गोळ्यांचं वेळापत्रक सरळ केलं. त्यांना ते पटलं नव्हतं, हे मला कळलं होतं, पण मी घाईत होते.

येवल्याच्या गाडीने गेलो. घर छान होतं, अंगणात सारवलेलं, ओसरीवर पाटांची लांबच लांब ओळ. स्वागत, पाणी, ओळखी. आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. मुलाची आई ताट घेऊन निघाली तशी मी हळूच म्हटलं, "आमच्या मामंजींचा उपवास आहे बरं का. त्यांना काही नको, एखादं केळं पुरे."

"अगं बया, असं कसं? पहिल्यांदा दारात आले, अन् उपाशी?" असं म्हणून ती माऊली परत वळली. मला वाटलं केळं आणायला गेली. पाहते तर तिने चुलीवर कढई चढवली आणि भिजवलेला साबुदाणा बाहेर काढला. त्यांच्याच घरात कुणाचा तरी खरा उपवास होता!

साबुदाण्याची खिचडी. मोकळी, दाणा न दाणा सुटा, वर शेंगदाण्याचा भरड कूट. डॉक्टरांनी ज्या पदार्थांवर फुली मारली होती त्यांत ती पहिली. जो घास गोळाच होत नाही तो जीभ ढकलणार कशी? दाणे तोंडभर पांगतात आणि एखादा दाणा बरोबर नको त्या वाटेला लागतो. मी तिला थांबवायला हवं होतं. पण एक खोटं बोललं की दुसरं सुचेपर्यंत वेळ जातो, आणि तोवर बशी मामंजींच्या पुढ्यात पोचली होती. दोन्ही बाजूंना लोकांना पुरणपोळी आणि दूध वाढलेलं. पुरण! मऊ, दाट, गोळा होणारं पुरण, जे त्यांनी आरामात खाल्लं असतं, ते मी त्यांच्यापासून माझ्या अकलेने तोडलं होतं.

मामंजींनी खिचडीकडे बघितलं. मग दाराकडे, माझ्याकडे बघितलं. त्यांनी मान राखून चिमूटभर दाणे उचलले आणि तोंडात घातले.

आधी काही झालं नाही. मग खांदे हलले. मग तो ठसका आला, मोठा, छातीतून, डोळ्यांत पाणी आणणारा. ओळीतले सगळे हात थांबले. "पाणी! पाणी द्या!" चार बाजूंनी ओरडा झाला आणि व्याह्यांनी स्वतः तांब्या उचलून मामंजींच्या तोंडाकडे नेला.

"पाणी देऊ नका!" मी ओरडले.

पुरुषांच्या पंगतीत, परक्या घरी, मुलीकडची सून ओरडली की सासऱ्यांना पाणी देऊ नका. व्याह्यांचा तांब्या हवेत तसाच. नवऱ्याने डोळे मिटून घेतले. माझ्या मागे मुलाच्या आईच्या हातातून झारा पडला. मामंजी मात्र शिकवल्याप्रमाणे पुढे वाकले, हनुवटी खाली, खोकले, पुन्हा खोकले, दाणा बाहेर आला. त्यांनी तोंड पुसलं. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

मग ते बोलले. व्यायामाच्या आवाजात, गॅलरीतल्या. "उपवास नाही माझा. सुनेने सांगितलं ते खोटं आहे, पण माझी लाज राखायला सांगितलं. मला आजार आहे. जीभ वेळेवर चालत नाही, घास गिळायला त्रास होतो. पातळ पाणी बाधतं म्हणून ती ओरडली. हा आजार मला आहे, लेकीला नाही. माझं जेवण तासभर चालतं आणि तुमची पंगत खोळंबेल, म्हणून हे सोंग. आता तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा."

इतकं सलग ते वर्षभरात बोलले नव्हते. मधे दोनदा लाळ पुसावी लागली. मी दाराची चौकट घट्ट धरली होती. डोक्यात एकच विचार: मोडलं, माझ्यामुळे मोडलं.

व्याह्यांनी तांब्या खाली ठेवला. "पाव्हणं, पुरण चालतं का?"

"चालतं. दुधात कुस्करून."

"मग ती खिचडी उचला अन् पोळी आणा." ते आत बघून ओरडले, आणि मामंजींना म्हणाले, "तासभर म्हंजी काय लय झालं? आम्हाला कुठं गाडी धरायची हाय. तुमचं झाल्याबिगर आमच्यातलं कुणी उठायचं नाय."

आणि खरंच कुणी उठलं नाही. सगळ्यांचं जेवण वीस मिनिटांत आटोपलं. पुढची चाळीस मिनिटं ते पंचवीसेक पुरुष वाळलेले हात गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. कुणी कांद्याच्या रोपाबद्दल बोलत होतं, कुणी गावात शिरलेल्या तरसाबद्दल. एक आजोबा मांडी न मोडता पेंगले आणि कुणी त्यांना हलवलं नाही. मामंजींकडे कुणी बघत नव्हतं. बघायचं नाही असं न सांगता ठरलं होतं. आत आम्ही बायका भुकेने कळवळत होतो. मुलाची आई माझ्या कानात म्हणाली, "बाई, आधी सांगायचं नाय का? मी पोळ्या लोण्यात मऊ केल्या असत्या." एवढंच. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण हाताला पीठ होतं तिच्या आणि तिला वेळही नव्हता.

मामंजींनी दीड पोळी खाल्ली. ताट बोटाने निपटून पुसलं. मग व्याह्यांकडे बघून मान हलवली, तेव्हा पंगत उठली. बैठकीत आजाराबद्दल कुणी एक शब्द काढला नाही आणि अर्ध्या तासात सुपारी फुटली.

परतीच्या गाडीत मी त्यांच्या शेजारी बसले. माफी मागायची होती, पण माफी मागायची सवय नव्हती, म्हणून मी विचारलं, "पुरण कसं होतं?"

त्यांना उत्तर द्यायला नेहमीप्रमाणे वेळ लागला. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

"दोन वर्षांनी कुणाबरोबर जेवलो, सूनबाई," ते म्हणाले.

मी दोन वर्षं त्यांना दोन्ही वेळा गरम, दाट, घोटलेलं वाढत होते. वेळच्या वेळी, गोळीच्या हिशोबाने, एकही दिवस चुकवला नव्हता. ताट मांडायचं आणि खोलीबाहेर यायचं. त्या लग्नातल्या लोकांनी त्यांना एका पंगतीतून उठवलं होतं. मी त्यांना रोज उठवत होते. खिडकीबाहेर निफाड गेलं, ओझर गेलं. मी रडत होते आणि मला अवघडू नये म्हणून मामंजी दुसरीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. नऊ वाजता मी दोन ताटं घेऊन आतल्या खोलीत गेले आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. माझं सात मिनिटांत झालं. मग हात वाळवत बसले. कचेरीत पोचायला अर्धा तास उशीर झाला. मंगळवारीही झाला. बुधवारी साहेबांनी मस्टर पुढ्यात ओढून कारण विचारलं.

मी म्हटलं, "जेवत होते."